इंजिन बदलायच्या आधी गाडी काट्यावर न्या

परवा आमच्या इकडचं एक पोट्टं मोबाईल घेऊन गॅरेजमध्ये आलं, म्हणे काका हे इंजिन आपल्या गाडीत बसते का पाहा. गाडी म्हणजे त्याची दोन सीटची, कापडी टपाची, फायबर बॉडीची जुनी छोटी स्पोर्ट्स कार, पुण्याकडून सेकंडहँड आणलेली. आधीचं इंजिन त्यानंच खाल्लं, मे महिन्याच्या उन्हात रेडिएटरमधलं पाणी न पाहता हिंगणघाटहून नागपूरपर्यंत दामटली अन हेड गेलं. आता त्याले तिथं मोठं डिझेल टाकायचं होतं, कारण टॉर्क, म्हणजे चाक फिरवायची ओढ. मी विचारलं, वजन किती आहे? तर म्हणे गाडीचं का इंजिनाचं? म्हटलं दोन्हीचं. गप.

हेच होते सगळ्यांचं. हॉर्सपॉवर किती वाढते ते तोंडपाठ राहते, वजन किती वाढते अन ते गाडीत नेमकं कुठं बसते हे कोणी पाहतच नाही. छोट्या हलक्या गाडीची सारी मजा तिच्या वजनात असते, अन ते वजन कसं मोजायचं, कसं मांडायचं हे सांगतो, मग इंजिन बदलायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

ज्यानं बंडी हाकली त्याले हे शिकवावं लागत नाही. कापसाचे बोद समोर जास्त भरले की बंडी धुरजड होते, सारा भार जुवावर, बैल मान टाकून चालते अन वळणावर लवकर फिरत नाही. मागं जास्त भरले की उलाळ होते, जू वर उचलते, अन चढावर तर बैल लटकायचीच पाळी. मोटारीचं तेच. समोरच्या चाकांवर भार जास्त झाला की स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ सरकत जाते, त्याले अंडरस्टिअर म्हणतात. मागं जास्त झाला की वळणात मागचा भाग झाडते, ते ओव्हरस्टिअर. मी दोन्हीले धुरजड अन उलाळच म्हणतो, गॅरेजमधल्या पोरांले लवकर समजते.

आता यात एक मेख आहे. लोकांले वाटते समोर वजन वाढलं तर समोरच्या टायरची पकडही तेवढीच वाढणार, मग अडचण काय? तसं नाही होत. टायरवर भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. म्हणजे वळायले लागणारा जोर वजनाच्या हिशेबानं वाढला पण पकड त्या मानानं मागं राहिली, अन हा फरक जितका मोठा तितकी गाडी वळणाबाहेर जाते.

तर पहिलं काम काटा. इंजिनाले पाना लावायच्या आधी. आपल्याकडं प्रत्येक जिनिंगमध्ये, मार्केट यार्डाबाहेर वजनकाटा आहेच. फक्त सीझनमध्ये जाऊ नका, नोव्हेंबर ते फेब्रुवारी कापसाच्या गाड्यांची लाईन असते अन काटेवाला तुमच्या खेळण्यासाठी थांबणार नाही. अन दुसरं, सायलेन्सर फाटकी गाडी कापसाच्या गंजीजवळ घेऊन जाऊच नका, एक ठिणगी पडली तर विषय संपला.

काट्यावर तीन वजनं घ्यायची. पहिलं पूर्ण गाडी. दुसरं फक्त समोरची दोन चाकं प्लॅटफॉर्मवर अन मागची बाहेर. तिसरं फक्त मागची आत. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला, चाकाले लाकडाचा गुटका लावून, अन काट्याबाहेरची जमीन प्लॅटफॉर्मच्या लेव्हलले पाहिजे, बाहेर उतार असला तर आकडा चुकते. टाकी फुल, स्टेपनी जागेवर, एकदा ड्रायव्हर बसवून अन एकदा बिना ड्रायव्हर. समोरचं अन मागचं मिळून पूर्ण वजनाच्या जवळपास आलं पाहिजे, दहा-वीस किलोचा फरक सोडून द्या कारण ट्रकचे हे काटे पाच नाहीतर दहा किलोच्या टप्प्यानंच दाखवते. दोनदा-तीनदा चढवा, सरासरी घ्या. आमच्या पोट्ट्याच्या वेळी काटेवाल्यानं विचारलं, पावतीवर माल काय लिहू? गाडीकडं एकदा पाहिलं अन स्वतःच लिहिलं, भंगार. पोट्टं चिडलं, पण पावती जपून ठेवली.

दुसरं काम, इंजिनाचं वजन. नेटवर मिळणारा आकडा बहुतेक वेळा कोरड्या इंजिनाचा असते, त्यात ऑइल नाही, पाणी नाही, कधी अल्टरनेटर अन स्टार्टरही नाही. अन इंजिन एकटं येत नाही बाप्पा, त्याची वरात येते. मोठा गिअरबॉक्स, मोठी क्लच प्लेट, जाड ड्राइव्ह शाफ्ट, मोठा रेडिएटर, दुसरा पंखा, टर्बो असेल तर इंटरकूलर अन त्याचे पाईप, नवीन फाउंडेशनसाठी (इंजिन ज्याच्यावर बसते ते) वेल्डिंग केलेलं लोखंड, वायरिंगचं भेंडोळं. इंजिन उचलायच्या चेन कुप्पीले लटकवायचा काटा लावा (खेड्यात कापूस घेणाऱ्याकडं असते तसला, फक्त दोन-तीनशे किलो झेपेल असा) अन जुनं इंजिन गिअरबॉक्ससकट काढताना एकदा मोजा, नवीन चढवताना एकदा मोजा. बाकी सामान वेगळं मोजा, वहीत लिहा. डिझेलच्या नादाले लागलेल्यांसाठी एक सोपी गोष्ट, 2011 ची स्विफ्ट पेट्रोलमध्ये अन डिझेलमध्ये, बॉडी तीच, पण कंपनीच्याच आकड्यात नव्वद-शंभर किलोचा फरक, अन तो फरक जवळपास सगळा बोनेटखाली. हजार किलोच्या गाडीत कंपनीनं स्प्रिंग-बिंग बदलून ते पचवलं. तुमची गाडी सातशेची आहे.

आता हिशेब. घाबरू नका, सातवीचं गणित आहे. समजा गाडी 750 किलो, समोर 450, मागं 300, म्हणजे समोर 60 टक्के. दोन्ही एक्सलमधलं अंतर 2.2 मीटर धरा (मारुती 800 चं 2.175 मीटर आहे, अंदाज यावा म्हणून सांगतो). नवीन इंजिन सगळं मिळून 60 किलो जास्त. ते 60 किलो समोरच्या एक्सलच्या 30 सेंटीमीटर पुढं बसलं तर मागच्या एक्सलपासून ते अडीच मीटरवर झालं. 60 गुणिले 2.5 भागिले 2.2, म्हणजे 68 किलो. वाढवले 60 अन समोर पडले 68! ते जास्तीचे आठ किलो मागच्या चाकांवरून उचलले गेले, तरफ आहे ही, सब्बल लावून दगड उचलतो तशी. समोर आता 518, मागं 292, जवळपास 64 टक्के. तेच 60 किलो एक्सलच्या 30 सेंटीमीटर मागं बसवले तर समोर 52 वाढते अन मागं आठ, म्हणजे 502 अन 308, 62 टक्के. इंजिन तेच, वजन तेच, फक्त दोन फूट सरकवलं. म्हणून फायरवॉलकडं, म्हणजे इंजिन अन केबिनमधल्या पत्र्याकडं, जितकं ढकलता येईल तितकं ढकला. आडव्या इंजिनाच्या फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये मात्र हे तुमच्या हातात फारसं नसते, शाफ्ट जिथं निघते तिथंच इंजिन बसते, अन लांब इंजिन असलं तर चाकाच्या बाजूची जागाही संपते.

आता त्याच गाडीत बॅटरी समोरून काढून डिक्कीत मागच्या एक्सलवर ठेवली, बारा किलोची धरा, तर समोरचे बारा कमी अन मागचे बारा जास्त. 64 चं साडेबासष्टच्या खाली येते, खर्च फक्त जाड केबल, फ्यूज अन एका दुपारचा. पण केबलले फ्यूज बॅटरीजवळच लावा, अन साधी ॲसिडची बॅटरी असेल तर तिच्या वाफेले बाहेर जायले नळी द्या. माझ्या मते इंजिन बदलणाऱ्या प्रत्येकानं आधी हे करावं, इंजिन नंतर.

टक्केवारी जमली म्हणजे सगळं जमलं असंही नाही. कावड आठवा. दोन्ही घागरी टोकाले अडकवून गर्रकन वळून पाहा, अन मग त्याच घागरी छातीशी धरून वळा. वजन एकच, पण टोकाले असलं की फिरायले वेळ लागते अन फिरायले लागलं की थांबायलेही वेळ लागते. गाडीच्या नाकाडावर इंजिन अन त्याचं वजन फेडायले डिक्कीत सिमेंटची गोणी, असा उपाय एकानं खरंच केला होता, काट्यावर 50-50 आलं असेल पण गाडी म्हैस झाली. वजन फेडायचं नसते, कमी करायचं असते.

उंचीकडंही पाहा. उंच इंजिन, वर टर्बो, अन खाली ऑइल संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) चेसिसच्या आडव्या क्रॉसमेंबरले लागते म्हणून इंजिन दोन इंच वर घेतलं, हे लय होते. मग वळणात गाडी जास्त कलते अन बाहेरच्या टायरवर जास्त भार जाते. संप कापून बसका करता येते पण मग वळणात ऑइल एका बाजूले पळते अन ऑइल ओढणारा पिकअप हवा खेचते, बेअरिंग जाते. आत आडवे पडदे वेल्ड करणारा चांगला माणूस असेल तरच तिकडं जा.

हे सगळं मोठमोठ्या कंपन्यांनीही ठेचा खाऊनच शिकलेलं आहे. इंग्लंडमध्ये एमजीबी नावाची छोटी स्पोर्ट्स कार 1962 पासून होती, 1798 सीसीचं लोखंडी चार सिलिंडर. 1967 मध्ये त्यांनी तिच्यात 2912 सीसीचं लोखंडी सहा सिलिंडर टाकलं अन नाव ठेवलं एमजीसी. इंजिन आधीच्यापेक्षा 95 किलोच्या आसपास जड. बोनेटले टेंगूळ काढावं लागलं, समोरचं सस्पेन्शन बदलून टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या) लावावे लागले, अन तरीही त्या वेळच्या टेस्ट करणाऱ्यांनी सगळ्यात जास्त बोंब मारली ती हिच्या जड नाकाची. 1969 मध्ये बंद. मग 1973 मध्ये त्याच बॉडीत 3528 सीसीचं व्ही 8 आलं. मोठं इंजिन, दुप्पट सिलिंडर, पण ॲल्युमिनियमचं, म्हणून वजन जुन्या चार सिलिंडरच्या जवळपासच, अन लांबीनंही आखूड. ती गाडी धुरजड झाली नाही. म्हणजे सीसी अन सिलिंडर मोजून काही कळत नाही, ब्लॉक कशाचा अन लांबी किती ते विचारा. जपानच्या माझदा एमएक्स-5 मध्ये लोक अमेरिकन व्ही 8 टाकतात, तेही ॲल्युमिनियमचं असलं की सोपं जमते.

एसी नावाच्या इंग्लिश कंपनीच्या कोब्रा या स्पोर्ट्स कारची गोष्टही तशीच. 1962 मध्ये त्याच कंपनीच्या एस (Ace) या हलक्या गाडीत फोर्डचं व्ही 8 बसवलं, जमलं. पण पुढं सात लिटरचं टाकायचं ठरवलं तेव्हा 1965 मध्ये जाड नळ्यांची चेसिस घ्यावी लागली अन पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आले. आपण मात्र तीच चेसिस, तेच शॉकअप, तेच ब्रेक ठेवतो अन इंजिन तेवढं बदलतो. उलट्या बाजूनं पाहायचं तर केटरहॅम या इंग्लिश कंपनीनं 2013 मध्ये सुझुकीचं 660 सीसीचं तीन सिलिंडरवालं टर्बो इंजिन टाकून गाडी काढली, 80 हॉर्सपॉवर अन वजन पाचशे किलोच्याही आत. तीन सिलिंडर म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी ती पाहावी.

आता ठरवलंच असेल तर स्प्रिंगकडं या. वरच्याच उदाहरणात समोर 450 चे 518 झाले, म्हणजे 15 टक्के जास्त. एका बाजूले 34 किलो. चाकापाशी स्प्रिंगची ताकद दोन किलोले एक मिलिमीटर असेल तर गाडी समोरून 17 मिलिमीटर बसते. दिसायले भारी दिसते, खाली बसलेली, पण सस्पेन्शनचा प्रवास तेवढा कमी झाला, सस्पेन्शन जिथं अडते तो बंप स्टॉप जवळ आला, कॅम्बर-कॅस्टर म्हणजे चाकाचे कोन हलले, अन आपल्या रस्त्यावरच्या पहिल्याच खड्ड्यात इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर आपटते. मग लोक स्प्रिंगखाली रबरी गट्टू घुसवते. नका करू. ताकद साधारण वजनाच्याच प्रमाणात वाढवा, पंधरा टक्के वजन तर पंधराच टक्के स्प्रिंग, अन शॉकअपही त्या मानानं कडक, नाहीतर गाडी होडीसारखी डुलत राहते. ट्रकचे स्प्रिंग कापून टाकणाऱ्याले माझ्या गॅरेजमध्ये प्रवेश नाही. समोर फार कडक केलं तर अंडरस्टिअर अजून वाढते हेही ध्यानात ठेवा. मागचा अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारी दांडी) थोडा जाड केला तर गाडी वळायले तयार होते, पण थोडाच, नाहीतर पावसात मागून झाडायले लागते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका छोट्या गाडीत हौसेनं डिझेल बसवलं, स्प्रिंग तेच ठेवले. सपाट रस्त्यावर राजा. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढलो अन प्रत्येक वळणाले स्टिअरिंग पूर्ण मारावं लागे, गाडी तरी दरीकडं जायची, उतरताना ब्रेकचा वास. समोरच्या टायरच्या बाहेरच्या कडा काही दिवसातच गुळगुळीत. इंजिनात दोष काहीच नव्हता, दोष मिस्त्रीत होता.

ब्रेकवरून आठवलं. थांबताना ब्रेकनं जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. आधी तुम्ही 80 नं जात होते, आता इंजिन आहे म्हणून 100 नं जाता, तर दीडपटीहून जास्त उष्णता डिस्कमध्ये जाते, वरून वजन वाढलं ते वेगळं. समोर हवा खेळणारी मोठी डिस्क लावा. अन समोर-मागचा ब्रेकचा तोल पुन्हा पाहा, कारण समोर जड झालेली गाडी मागं हलकी असते, मागची चाकं आधी जाम झाली तर गाडी फिरते.

फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल तर जास्त टॉर्कनं स्टिअरिंग हातातून ओढते, खास करून दोन्ही शाफ्टची लांबी वेगळी असेल तेव्हा. रिअर व्हीलमध्ये तेच टॉर्क मागची पकड तोडते. म्हणजे एकच गाडी वळणात शिरताना धुरजड अन बाहेर निघताना ॲक्सिलेटर दिला की मागून झाडणारी, दोन्ही दुखणी एकत्र. याच्यावर इलाज टायर अन उजव्या पायाची अक्कल, दुसरा नाही.

उन्हाचंही पाहून ठेवा. आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या पुढं जाते, युरोपातल्या माणसानं लिहिलेला रेडिएटरचा साईज इथं पुरत नाही. मोठा रेडिएटर म्हणजे अजून पाणी, अजून वजन, अन तेही सगळ्यात पुढच्या टोकाले. म्हणून वजनाच्या हिशेबात रेडिएटर पाण्यानं भरूनच मोजा.

टेस्टिंग रोडवर करायची नाही. सीझन संपल्यावर जिनिंगचं काँक्रीटचं रिकामं आवार मालकाले विचारून घ्या, मुरूम चालत नाही, पकड दर मीटरले बदलते. मधात एक टायर ठेवा, 15 मीटरची दोरी धरून चुन्यानं गोल आखा. त्या गोलावर हळूहळू वेग वाढवत जा. वेग वाढवताना स्टिअरिंग अजून अजून आत घ्यावं लागत असेल तर धुरजड, उलटं सोडावं लागत असेल तर उलाळ. स्टॉपवॉचनं एका चकराचा वेळ घ्या. जुन्या इंजिनानं 9.3 सेकंद येत असतील (म्हणजे बाजूचा जोर 0.7 जीच्या, गाडीच्या वजनाच्या 0.7 पटीच्या जवळपास) अन नवीननं दहा सेकंद, तर इंजिन कितीही ताकदीचं असो, वळणात तुमची गाडी आधीपेक्षा ढिली झालेली आहे. हे जुन्या इंजिनावर आधी केलेलं पाहिजे, नाहीतर तुलना कशाशी करणार. उजवीकडून अन डावीकडून दोन्ही बाजूंनं करा, टायरची हवा दोन्ही वेळी एकच. हेल्मेट घाला, हसणारे हसतात.

कागदपत्राचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीत बदल करण्याबद्दल आहे, अन जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेरचा बदल रजिस्टर गाडीत चालणार नाही. कलम 182अ खाली मालकाले एका बदलामागं 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. जुनं इंजिन मेलं म्हणून तसंच्या तसंच दुसरं बसवायचं तरी आधी आरटीओची परवानगी, मग आरसीवर नवीन इंजिन नंबर, मग इन्शुरन्सवाल्याले कळवणं. भंगारातून इंजिन घेताना त्याची पावती अन नंबर स्वच्छ वाचता येते का ते पाहा, चोरीचं निघालं तर वजन-बिजन राहते बाजूले. वेगळ्याच जातीचं इंजिन फक्त बंद आवारातल्या, रेसच्या गाडीत.

आमच्या पोट्ट्याले हा सगळा हिशेब वहीवर मांडून दाखवला. डिझेल लावलं तर समोर 60 वरून 66 टक्के जाते असं निघालं, तेव्हा कुठं थांबला. शेवटी त्याच जातीचं इंजिन शोधलं, परवानगी काढली, बॅटरी मागं टाकली, समोरच्या बुशा अन चारी शॉकअप नवीन. काट्यावर परत नेली तर पूर्ण वजन आधीएवढंच अन समोरचं कमी. काटेवाल्यानं यावेळी मालाच्या जागी कार लिहिलं. मले वाटलं विषय संपला, तर काल रात्री त्याचा मेसेज, एका सहा सिलिंडर इंजिनाचा फोटो अन खाली लिहिलेलं, काका ॲल्युमिनियमचं हाय, पाहा ना.